हरकत दिलीत, पुढे काय झालं? रस्ता आणि नदीकाठच्या आराखड्यांचे अनुभव

महामार्गाचं चौपदरीकरण असो, शहराचा विकास आराखडा असो की पूररेषेचा नकाशा, ‘हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत’ ही ओळ ठरलेली. ती वाचून कोणी खरंच कागद घेऊन गेलं होतं का? गेला असाल तर काय लिहिलंत, सुनावणीत काय झालं आणि नकाशावरची रेघ हलली का, ते लिहा. नुसत्या शिव्या घालायला हा धागा नाही, त्यासाठी बाकीचे आहेत.

वारणाकाठ

आमच्याकडे खरा प्रश्न रस्त्याच्या भरावाचा. २०१९ ला शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर पाणी आलं, वाहतूक बंद झाली, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. भरावामागे तुंबून राहतं ते पाणी टीव्हीवर दिसत नाही.

गावाजवळून नवा रस्ता आखला तेव्हा ओढ्यावर एकच मोरी दाखवली होती. बैठकीत साहेब म्हणाले, डिझाइन नियमाप्रमाणे आहे. मग आमच्या गवंडी मामांनी डोकं लढवलं. गोठ्याच्या भिंतीवर २००५ आणि २०१९ च्या पुराच्या खुणा गेरूने मारलेल्या होत्या, २०१९ ची छातीच्याही वर. मामांनी लेव्हल पाईप घेतला, म्हणजे पाणी भरलेली ती पारदर्शक नळी, आणि खुणेची पातळी टप्प्याटप्प्याने ओढ्यापर्यंत नेली. दर टप्प्याला एक बांबू, बांबूवर लाल पट्टा, शेजारी टेप, मागे गट नंबर लिहिलेली पाटी आणि फोटो. हरकतीत मजकूर दोनच ओळींचा: एवढं पाणी या मोरीतून जाणार नाही, मोऱ्या वाढवा. पुढच्या खेपेला साहेब स्वतः ओढ्यावर आले. मोऱ्या वाढल्या. आम्ही खांबांवरचा पूल मागितला होता, तो काही मिळाला नाही.

पुणे

२०१३ चा, महापालिकेच्या जुन्या हद्दीचा प्रारूप (कच्चा) विकास आराखडा. हरकती ८७ हजारांच्या घरात! आमच्या गल्लीत छापील अर्ज वाटले होते, खाली फक्त सही करायची. सुनावणीला ते एकसारखे अर्ज एका गठ्ठ्यात निघाले, सगळ्यांच्या वतीने एकच जण बोलला, तोही घाईघाईत. पुढे २०१५ मध्ये तो आराखडा राज्य सरकारनेच आपल्या हातात घेतला.

त्याच २०१३ सालात विठ्ठलवाडीच्या नदीकाठच्या रस्त्याचा निकाल लागला. निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे नदीच्या बाजूला, टाकलेला भराव काढा, असं राष्ट्रीय हरित लवादाने महापालिकेला सांगितलं. तिथे गठ्ठे नव्हते. मोजकी माणसं आणि पूररेषेचा नकाशा होता. ज्यांना सह्यांच्या मोहिमेचा फार उत्साह असतो त्यांनी हे जरा पाहावं.

नगररचनेत नोकरी केलेला, आता निवृत्त

वरच्या गठ्ठ्यांबद्दल टेबलाच्या पलीकडून सांगतो. ‘आमचा तीव्र विरोध आहे’ एवढंच असेल तर शेरा पडतो ‘नोंद घेतली’. गट नंबर, नकाशाचा तुकडा आणि पर्याय जोडलेला असेल तर नाकारताना कारण लिहावं लागतं, आणि लिहिलेलं कारण उद्या कोर्टात टिकवावंही लागतं. म्हणून तो कागद दोनदा वाचला जातो. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

पूररेषांचाही घोळ असतो. निळी म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. नदी ते निळी हा निषिद्ध पट्टा, निळी ते लाल हा नियंत्रित पट्टा, तिथे अटींवर बांधकाम होतं. हरकत कोणत्या पट्ट्याबद्दल आहे हे लिहिलंच नाही, तर वाचणारा आपल्या सोयीचा अर्थ काढतो.

निळ्या रेषेतला प्लॉटधारक

नदीप्रेमींनी रागावू नये, पण लोकसहभाग आमचाही असतो. प्लॉट घेतला तेव्हा विकणाऱ्याने कसलीच रेषा दाखवली नव्हती. नवीन नकाशा आला आणि अर्धी कॉलनी आत गेली. आम्ही सगळ्यांनी मिळून रेषा नदीकडे सरकवा म्हणून अर्ज दिले, फेरसर्वेक्षण मागितलं. नंतरच्या पावसाळ्यात पाणी कॉलनीच्या तोंडापर्यंत आलं. अर्ज कोणीही मागे घेतला नाही. मीही नाही, हप्ते चालू आहेत.

महामार्गालगतची शेतकरीण, सोलापूर जिल्हा

राष्ट्रीय महामार्ग कायद्यात (१९५६) थ्री-ए कलमाची, म्हणजे जमीन घ्यायचा इरादा सांगणारी, अधिसूचना आली की हरकतीला २१ दिवस. थ्री-डी, म्हणजे संपादनाची घोषणा, झाली की जमीन सरकारची, मग भांडण फक्त पैशाचं उरतं. आमच्याकडे नोटीस छापून आली ती गावात न येणाऱ्या पेपरात. तलाठी भाऊसाहेबांनी गट नंबरांची यादी चावडीवर लावली म्हणून वेळेत कळलं.

जमीन जाणार हे दिसतच होतं. पण रान रस्त्याच्या दोन्ही अंगाला, विहीर एकीकडे आणि ऊस दुसरीकडे. म्हणून आम्ही बायकांनी वेगळा अर्ज दिला: गुरं आणि बैलगाडी जाईल एवढा बोगदा आणि पाईपलाईनसाठी आडवी नळी. सुनावणीला सातबारा आणि हाताने काढलेला नकाशा नेला होता. दोन्ही गोष्टी मिळाल्या.

आता पावसाळ्यात त्या बोगद्यात गुडघाभर पाणी साचतं, कारण त्याला निचराच दिलेला नाही. ठेकेदार म्हणतो ऑफिसला सांगा, ऑफिस म्हणतं ठेकेदाराला. अशा कामाचा अर्ज नेमका कोणाच्या नावाने करायचा, कोणी केला असेल तर सांगा.