मदत हवी आहे: कारखान्यांजवळ घर आणि बहिणीला पाचवा महिना

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीला पाचवा महिना लागलाय, पहिलंच बाळंतपण. तिचं घर औद्योगिक वसाहतीला अगदी लागून आहे. सकाळी खिडकीची चौकट ओल्या फडक्याने पुसली तरी संध्याकाळी बोट फिरवलं की काजळी लागते. थंडीत धूर वर जात नाही, रात्री गंधकासारखा उग्र वास कोंडून राहतो आणि तिचा घसा खवखवतो.

आतापर्यंतच्या तपासण्या व्यवस्थित आहेत. डॉक्टर "काळजी करू नका" म्हणाले, पण मला काही स्वस्थता नाही. अशा धुरात पीएम २.५ असतात, म्हणजे २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक कण. २०१९ मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांना वारेच्या (प्लासेंटाच्या) बाळाकडच्या बाजूलाही काजळीचे कण सापडले, हे वाचल्यापासून झोप उडालीय. अशा हवेत ३७ आठवड्यांआधी प्रसूती होण्याचा आणि बाळाचं वजन अडीच किलोपेक्षा कमी भरण्याचा धोका वाढतो म्हणे.

उरलेले महिने तिने दुसरीकडे राहावं का? नवरा तिथल्याच कारखान्यात कामाला आहे, त्यामुळे तिचा पाय निघत नाही. एअर प्युरिफायरचा उपयोग होतो का? डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं? कृपया अनुभवी लोकांनी सांगा.

प्रतिसाद:

ताई, धोका वाढतो म्हणजे तिच्या बाळाला काही होणारच, असं अजिबात नाही. पण जमत असेल तर तिला हलवाच, आणि आता उशीर झाला असंही समजू नका. २००८ च्या ऑलिंपिकसाठी बीजिंगमध्ये कारखान्यांवर आणि गाड्यांवर निर्बंध आले होते. त्या काळात ज्यांचा आठवा महिना चालू होता, त्यांच्या बाळांचं वजन आधीच्या आणि नंतरच्या वर्षांतल्या बाळांपेक्षा सरासरी २३ ग्रॅमने जास्त भरलं. वाढ फार नाही, पण शेवटच्या महिन्यांतल्या हवेनेही फरक पडतो एवढं त्यातून कळतं.

हलणं जमलंच नाही तर झोपायच्या खोलीत हेपा फिल्टरचा प्युरिफायर लावा, दारं-खिडक्या बंद ठेवून. हेपा कण अडवतो, वायू नाही. वासासाठी सक्रिय कोळशाचा जाड थर असलेला बघा. ओझोन सोडणारं यंत्र मात्र घेऊ नका. बाहेर पडताना एन-९५ मास्क चेहऱ्याला नीट घट्ट बसायला हवा. त्यात दम लागला तर लगेच काढायचा.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: नवऱ्याच्या कामाच्या कपड्यांवरून आणि बुटांवरून धूळ घरात येते. त्याने कारखान्यातच कपडे बदलावेत, ते वेगळे धुवावेत आणि तिने ते झटकू नयेत. तिथे बॅटरी किंवा शिशाचं काम असेल तर दोघांच्या रक्तातलं शिसं तपासून घ्या.

डॉक्टरांना घर कुठे आहे, वास कसला येतो, नवरा काय काम करतो हे सगळं सांगा. बाळाची वाढ बघायला जादा सोनोग्राफी लागेल का, असं सरळ विचारा. दम लागला, पाणी किंवा रक्त गेलं, पोट सारखं कडक व्हायला लागलं, किंवा पुढच्या महिन्यांत बाळाची हालचाल मंदावली, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता दवाखान्यात न्या.