कणीक मळायच्या मशीनला सीई मार्क हवाय, सर्टिफिकेट विकत घ्यावं का? मदत हवी आहे

शिरोलीकर:
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीत माझं वर्कशॉप आहे, मला धरून अकरा जण. कणीक मळायची मशीन बनवतो. २५ किलो पिठाचं, ३०४ स्टीलचं भांडं, तीन एचपीची मोटर, गिअरबॉक्स आणि मोटरचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह. हॉटेलं, मेस, चपाती केंद्रं अशी गिऱ्हाइकं आहेत. आता जर्मनीतल्या एका भारतीय माल आणणाऱ्या व्यापाऱ्यानं तीन नग मागितलेत, २०२६च्या नोव्हेंबर अखेरीस न्हावा शेवातून निघायला हवेत. अट एकच, सीई मार्क पाहिजे, म्हणजे मशीन युरोपच्या कायद्यात बसतंय असं सांगणारी खूण.

एका एजन्सीला फोन केला. ८५ हजार रुपये, चार दिवसांत सर्टिफिकेट. मशीन बघायला कधी येणार विचारलं, तर म्हणाले यायची गरज नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर चार फोटो आणि नेमप्लेट पाठवा. हे ऐकून पोटात कालवलं. आयएसआय मार्कासाठी शेजारच्या पंपवाल्याकडं माणसं येऊन सॅम्पल घेऊन जातात, ते डोळ्यांनी बघितलंय. मग युरोपवाले फोटोवर कसे काय भुलतात? पैसे भरू का? कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

पॅनेलवाला:
पैसे भरू नका. दादा, गोंधळ इथंच होतो बघा. आयएसआयमध्ये बीआयएस ही सरकारी संस्था आपल्याला लायसन देते. सीईमध्ये देणारं कुणी नसतं. माझं मशीन तुमच्या कायद्यात बसतंय असं बनवणारा स्वतः लिहून सही करतो आणि मार्क स्वतःच लावतो. त्या सहीच्या कागदाला डिक्लरेशन ऑफ कॉन्फॉर्मिटी म्हणतात. तुमच्या मशीनला सध्या २००६/४२ नंबरचं मशिनरी डायरेक्टिव्ह, म्हणजे युरोपचा मशीनचा कायदा, लागतं. त्याच्या चौथ्या परिशिष्टात धोकादायक मशीनची यादी आहे: लाकूड कापायची गोल करवत, हातानं माल घालायचे प्रेस, गाड्या उचलायच्या लिफ्ट वगैरे. त्यातल्यांनाच बाहेरच्या संस्थेकडं जावं लागू शकतं. कणकेचं मशीन त्यात नाही.

बाहेरची संस्था म्हणजे नोटिफाइड बॉडी. तिला चार आकडी नंबर असतो आणि नँडो नावाच्या युरोपियन कमिशनच्या साइटवर तो कुणालाही बघता येतो. तुमच्या एजन्सीचं नाव तिथं शोधा. मला वाटतं सापडणार नाही.

शिरोलीकर:
शोधलं. नाही सापडलं. म्हणजे नुसती सही करून स्टिकर मारला की झालं? हे तर त्याहून सोपं वाटतंय.

नेकारकाठची:
झालं कसं? सहीमागे फाइल लागते. मी स्टुटगार्टजवळ मशीन बनवणाऱ्या कंपनीत याच कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इथल्या बाजार तपासणी खात्यानं किंवा कस्टम्सनं विचारलं की टेक्निकल फाइल दाखवता आली पाहिजे, तीही शेवटचं मशीन बनल्यापासून १० वर्षं. त्यात ड्रॉइंग, वायरिंग डायग्रॅम, हिशेब, टेस्ट रिपोर्ट, मॅन्युअल हे सगळं येतं, पण तिचा जीव रिस्क असेसमेंटमध्ये, म्हणजे कुठं काय धोका आहे याच्या छाननीत असतो. त्याची पद्धत आयएसओ १२१००मध्ये आहे. विकत घ्यायच्या आधी बीआयएसच्या साइटवर आयएस १६८१९ बघा. मजकूर तोच. कणीक मळायच्या मशीनचं वेगळं स्टँडर्डही आहे, ईएन ४५३, भांडं फिरणारं आणि ५ ते ५०० लिटरचं असेल तर. ते विकत घ्यावं लागेल. एस्टोनियाच्या स्टँडर्ड संस्थेकडून घ्या, जर्मनीच्या मानानं पुष्कळ स्वस्त पडतं.

पण कागद नंतर. आधी मशीनपाशी जाऊन या चार गोष्टींची उत्तरं आणा. कणीक मळणारा दांडा फिरत असताना झाकण उघडलं तर काय होतं? पूर्ण थांबायला किती सेकंद लागतात? झाकण परत लावलं की काय होतं? आणि लाइट जाऊन आली तर?

शिरोलीकर:
ताई, तुमचे प्रश्न घेऊन काल संध्याकाळी मशीनपाशी उभा राहिलो. मोबाइलवर शूटिंग करून सेकंद मोजले. जे दिसलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो.

झाकणाला चुंबकाचा साधा स्विच आहे. उघडलं की ड्राइव्हचा सिग्नल तुटतो, पण दांडा त्याच्या नादात फिरत राहतो. सहा सेकंद! तेवढ्यात माणूस कोपरापर्यंत हात घालून बाहेर काढेल. झाकण लावलं की मशीन आपोआप चालू. लाइट आली की तेच. आणि कहर म्हणजे टेस्टिंगच्या मशीनवर आमच्याच पोरानं स्विचवर एक सुटं चुंबक काळ्या टेपनं चिकटवून ठेवलेलं. विचारलं तर म्हणतो, "मालक, सारखं झाकण लावाय-काढाय लागतंय, वेळ जातोय." दोन वर्षं मी त्या टेपसमोरनं ये-जा करतोय.

पॅनेलवाला:
ही टेप प्रत्येक कारखान्यात असते, लाजू नका. स्टँडर्डवाल्यांनाही ती ठाऊक आहे, म्हणून आयएसओ १४११९ हे अख्खं स्टँडर्ड इंटरलॉकवर, म्हणजे झाकण उघडलं की मशीन थांबवणाऱ्या स्विचवर आहे आणि स्विच फसवायचा मोह कसा टाळायचा हेही त्यात आहे. कोडेड स्विच घ्या, तो स्वतःच्या जोडीदारालाच ओळखतो, सुट्या चुंबकाला भुलत नाही. शिवाय झाकणाला पीठ-पाणी घालायला जाळीचं तोंड ठेवा. उघडायची गरज कमी झाली की टेपही कमी होते.

ड्राइव्हला ब्रेकिंग रेझिस्टर लावा, तो फिरत्या मोटरची ताकद जिरवतो, आणि थांबायचा वेळ सेट करा. स्विच ड्राइव्हच्या साध्या इनपुटला न देता सेफ्टी रिलेमधून सेफ टॉर्क ऑफला, म्हणजे मोटरची ताकद खात्रीनं तोडणाऱ्या इनपुटला द्या, पण थोड्या उशिरानं, नाहीतर ब्रेक लागायच्या आधीच ड्राइव्ह मोटर सोडून देईल. ऑटो रिस्टार्टचं पॅरामीटर बंद. झाकण लावल्यावर मशीन गप्प राहिलं पाहिजे, हिरवं बटण दाबलं तरच चालू. इमर्जन्सी स्टॉप लाल, मागं पिवळं, दाबल्यावर अडकून राहणारा.

जुना टेस्टर:
पॅनेलच्या चाचण्या ईएन ६०२०४-१मध्ये आहेत. तो मजकूर आयएस १६५०४ भाग १ म्हणून आपल्याकडे मिळतो. अर्थिंगची सलगता तपासा, ५०० व्होल्टच्या मेगरनं, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या मीटरनं, इन्सुलेशन किमान १ मेगाओहम आलं पाहिजे. प्रत्येक मशीनचा आकडा तारखेसह लिहून ठेवा. पाट्या टाकल्यासारखं तिन्ही मशीनला एकच आकडा लिहिलात तर बघणाऱ्याला लगेच कळतं.

ड्राइव्ह आहे म्हणजे ईएमसीची, म्हणजे मशीनच्या विद्युत लहरींचा दुसऱ्या उपकरणांना त्रास होतो का याची, चाचणी लॅबमध्ये करावीच, अंधेरीच्या ईआरटीएल या सरकारी लॅबला विचारा. आधी फिल्टर आणि शील्डेड केबल घालून जा, नाहीतर पहिल्या फेरीचे पैसे पाण्यात.

गल्लीतला इंजिनिअर:
सीई म्हणजे चायना एक्स्पोर्ट ना? अक्षरं जवळ असली की चायना, लांब असली की युरोप.

जुना टेस्टर:
चायना एक्स्पोर्ट नावाचा मार्क कुठेही नाही. अक्षरं चिकटलेली दिसली तर तो चुकीचा काढलेला सीईच. २०२०मध्ये कोविडच्या मास्कच्या वेळी तर मार्क हुबेहूब होते, सर्टिफिकेटं बोगस होती. अक्षरांची उंची किमान ५ मिलिमीटर ठेवा, बाकी ही चर्चा इथेच थांबवू.

नेकारकाठची:
शिरोलीकर, आता कागद. डिक्लरेशनमध्ये मशिनरी, ईएमसी आणि रोहस (विजेच्या उपकरणांतल्या घातक पदार्थांवरचं) ही तिन्ही डायरेक्टिव्ह लिहा. लो व्होल्टेज लिहू नका. मशीनच्या विजेच्या धोक्यांची जबाबदारी मशिनरी डायरेक्टिव्हमध्येच येते, आणि हे न कळता पाच-सहा डायरेक्टिव्हची माळ ओवलेली दिसली की कागद कुठून तरी उचललाय हे ओळखू येतं. टेक्निकल फाइल संकलित करायला युरोपातला माणूस किंवा संस्था नावापत्त्यासह लागते. तुमच्या व्यापाऱ्याला विचारा, युरोपच्या २०१९/१०२० नियमानुसार त्याचा पत्ता मशीनवर किंवा खोक्यावर तसाही लागणारच. नेमप्लेटवर तुमचं नाव, पूर्ण पत्ता, मॉडेल, सीरियल नंबर आणि मशीन पूर्ण झाल्याचं वर्ष. पुढचं-मागचं वर्ष टाकायचं नाही. मॅन्युअल जर्मनमध्ये. आवाज ७० डेसिबलच्या खाली असला तरी तसं त्यात लिहावं लागतं.

आणि तारीख सांभाळा. २० जानेवारी २०२७ पासून डायरेक्टिव्ह जाऊन २०२३/१२३० हे मशिनरी रेग्युलेशन लागू होतंय. तुमच्या इन्व्हॉइसची तारीख कुणी विचारत नाही, माल युरोपच्या बाजारात कधी आला ते बघतात. नोव्हेंबर अखेरीस निघालेली बोट लांबली तर जुन्या कायद्याचं डिक्लरेशन घेऊन नव्या कायद्याच्या दारात उभे राहाल. व्यापाऱ्याशी आत्ताच बोला आणि जमलं तर महिनाभर आधी पाठवा.

शिरोलीकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. रेझिस्टर लावला. दांडा आता सव्वा सेकंदात थांबतोय, पाच वेळा शूटिंग केलं. स्टँडर्डशी ताडून बघतो. ८५ हजारांतले बरेच स्विच, रिले आणि ईएमसीत जातील असं दिसतंय. व्यापारी पत्ता द्यायला तयार आहे.

एक गोष्ट मात्र आधी बोललो नव्हतो. दोन वर्षांमागं एक मशीन रॉटरडॅमच्या एका किचनला गेलंय, अशाच दुसऱ्या कुणाकडून घेतलेल्या कागदावर, स्टिकरसकट. ते सहा सेकंदवालंच आहे. त्याचं काय करू?

नेकारकाठची:
आजच त्यांना लेखी कळवा की दुरुस्ती होईपर्यंत मशीन वापरू नका. मग स्विच, रिले, रेझिस्टर आणि बदललेला डायग्रॅम पाठवा, खर्च तुमचा. तिथल्या इलेक्ट्रिशियननं बसवल्यावर व्हिडिओ मागवा आणि सगळा पत्रव्यवहार फाइलमध्ये लावा.

शिरोलीकर:
मेल गेला. किचनच्या मालकीणबाईंचं उत्तर आलंय. त्यांच्याकडंही टेप आहे म्हणे, निळी. पार्सल सोमवारी निघतंय.