मदत हवी आहे : बहिष्काराने थकलेली मजुरी मिळेल का?

नमस्कार. सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या गल्लीतील काही महिला एका कारखान्यासाठी टॉवेलच्या कडा शिवतात. त्यांची चार महिन्यांची मजुरी थकली आहे. शेजारच्या मावशींनी परवा वही उघडून दाखवली, तेव्हा पानोपानी डझनांचे आकडे होते आणि जमेचा रकाना कोरा होता.

त्या कारखान्याच्या मालावर बहिष्काराचे आवाहन करावे, असा तरुणांचा आग्रह आहे. अमेरिकेतील मॉन्टगोमेरी शहरातील कृष्णवर्णीयांचा बसमधील वर्णभेदाविरुद्धचा १९५५-५६ चा बसबहिष्कार ३८१ दिवस टिकला, कारण प्रवाशांत बहुसंख्य तेच होते आणि त्यांनी मोटारींची पर्यायी सोय उभारली होती. शिवाय न्यायालयाचा निकालही त्यांच्या बाजूने लागला. कॅलिफोर्नियातील द्राक्षमळ्यांच्या मजुरांना दूरच्या शहरांतील गिऱ्हाइकांनी द्राक्षे न घेता साथ दिली, तरी १९६५ च्या संपानंतर मोठे करार व्हायला १९७० उजाडले. आमच्या महिलांना इतका धीर धरणे शक्य नाही. इथला माल परगावी जातो आणि मागणी घटली तर पहिली गदा त्यांच्याच कामावर येईल, याची मला फार काळजी वाटते.

असा बहिष्कार कोणी प्रत्यक्ष चालवला आहे का? ठोक खरेदीदारांनाच गाठावे की आधी कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार करावी? आणि शिलाईच्या वहीवर मालकाची सही नसेल, तर ती पुरावा म्हणून चालते का?