मदत हवी आहे: लोफोटेनमध्ये शिडाची बोट, आठवडाभर

जुलैच्या सुरुवातीला नॉर्वेतल्या लोफोटेनला आठवडाभर शिडाची बोट भाड्याने घेतोय. स्वोल्वेर, हेनिंग्सवेर, नुसफ्योर्ड, राइने आणि परत. चौघे आहोत, दोघांकडे डे स्किपर (शिडाची बोट चालवण्याचं प्रमाणपत्र), पण सराव सगळा मुंबई बंदरातला. थंडगार पाण्याचा अनुभव शून्य! हीटरवाली बोट मिळतेय, भरती-ओहोटीचे तक्ते पाहून झालेत. मॉस्कस्ट्राउमेनच्या भोवऱ्यांकडे फिरकणार नाही. रात्रीचंही सूर्य असतो, त्यामुळे अंधाराची चिंता नाही. भाड्याने स्किपर (अनुभवी कप्तान) परवडेल, पण दोनच दिवस.

अडतंय एका ठिकाणी. वेस्टफ्योर्डात (लोफोटेन आणि मुख्य भूमीमधला समुद्र) नैर्ऋत्येचा वारा धरून बसला, तर जाताना तो सतत नाकासमोरच. अशा वेळी राइनेचा हट्ट धरावा, की नुसफ्योर्डहून मागे फिरून उरलेले दिवस स्वोल्वेरपलीकडच्या अरुंद ट्रोलफ्योर्डकडे घालवावेत? आणि ते दोन दिवस स्किपर नेमका कुठल्या टप्प्यावर घ्यावा?