पॉवर-अपचा क्रम: ‘माझ्या बोर्डवर चालतंय’ एवढ्यावर पॅच घ्यावा का?

पॅचवाचक:
काल लिनक्स कर्नलमधल्या एका कॅमेरा सेन्सरच्या ड्रायव्हरवरचा पॅच (कोडमधला प्रस्तावित बदल) वाचत होतो. आधी तीन रेग्युलेटर (चिपला ठरावीक व्होल्टेज पुरवणारे भाग) एकापाठोपाठ एक चालू व्हायचे, पॅचने तिन्ही उचलून रेग्युलेटर_बल्क_एनेबल या एकाच कॉलमध्ये घातले. ओळी कमी झाल्या, कोड देखणा झाला, खाली शेरा ‘बोर्डवर तपासलं’. मी हरकत घेतली. बल्क कॉल क्रम पाळत नाही, सगळ्या रेल्स (वीजपुरवठ्याच्या लाइन्स) समांतर चालू करतो. या सेन्सरची डेटाशीट (चिप बनवणाऱ्याचं माहितीपत्रक) मात्र सांगते की आयओची रेल आधी, अ‍ॅनालॉग नंतर, आणि तोवर रीसेट धरून ठेवा, म्हणजे चिप सुरू होऊ देऊ नका.

‘तपासलं’ हे मला का पुरत नाही ते सांगतो. पुष्कळ बोर्डांवर या रेल्स बूटलोडरनेच (कर्नलच्या आधी चालणाऱ्या प्रोग्रामने) चालू करून ठेवलेल्या असतात, नाहीतर डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डवरच्या हार्डवेअरच्या वर्णनात) ऑलवेज-ऑन असतात. ड्रायव्हरने एनेबल म्हटलं तरी पिनवर काहीच हलत नाही. म्हणजे जो क्रम तपासला म्हणता, तो घडलेलाच नसतो! चूक बाहेर येते ती दुसऱ्या बोर्डवर, सस्पेंडमधून (झोपेच्या अवस्थेतून) उठताना, तीही कधीतरीच.

बोर्डवाला:
सहमत नाही. तुम्ही ज्या वेगळ्या तीन कॉल्सची बाजू घेताय, त्यांच्या मागे तीन गोटू लेबलं (काही फसलं तर कोड जिथे उडी मारतो त्या जागा) असतात, आणि खऱ्या चुका तिथे सापडतात. दुसरा रेग्युलेटर फसला की पहिला बंद करायचा राहून गेलेला मी स्वतः दुरुस्त केलाय. बल्कमध्ये एक फसला तर बाकीचे तोच बंद करतो. शिवाय काही डेटाशीट स्पष्ट लिहितात की रीसेट धरलेला असेल तर रेल्स कुठल्याही क्रमाने आल्या तरी चालेल. आणि डेटाशीट दाखवा म्हणता, ती गोपनीयतेच्या कराराखाली असते. मी पान कसं दाखवू? अशा हरकतींनी चांगले पॅच महिनोन्‌महिने पडून राहतात.

पॅचवाचक:
पान नकोच आहे. ‘या चिपला रेल्सचा क्रम लागत नाही’ एवढं एक वाक्य कमिट संदेशात (पॅचसोबतच्या टिपणात) लिहा, मी लगेच संमती देतो. मी अडतो ते मौनावर. त्या वाक्यासाठी तुम्हाला डेटाशीट उघडावी लागते, आणि मला तेवढंच हवंय. गोटूची चूक निदान कोड वाचून दिसते. क्रमाची चूक चिपबद्दल माहिती असल्याशिवाय दिसत नाही.

रिझ्यूमवाली:
तुम्ही दोघं रेल्सवरच अडकलात. मला जास्त त्रास विलंबाच्या आकड्यांनी दिलाय. काही ओम्नीव्हिजन सेन्सरांना पहिल्या आय२सी (सेन्सरशी बोलायची दोन तारांची बस) व्यवहाराआधी क्लॉकच्या ८१९२ सायकल्स लागतात. २४ मेगाहर्ट्झवर ते होतात सुमारे ३४१ मायक्रोसेकंद. ड्रायव्हरमध्ये यूस्लीप_रेंज (मायक्रोसेकंदांत थांबायचा कॉल) ४०० ते ५०० लिहिलं होतं, कुणाला खटकलं नाही. आमच्या बोर्डवर क्लॉक ६ मेगाहर्ट्झचा, म्हणजे सुमारे १३६५ मायक्रोसेकंद हवेत. सेन्सरचा आयडी वाचताना उत्तरच येईना. दोन दिवस आम्ही केबल बदलत बसलो. शेवटी ऑसिलोस्कोप लावला तेव्हा दिसलं की क्लॉक नुकताच सुरू झालाय आणि एससीएलवर (आय२सीच्या स्वतःच्या क्लॉकच्या तारेवर) आमचा पहिला बाइट आधीच निघालाय. तो ४०० आकडा कुठून आला हे कोडमध्ये कुठेच नव्हतं. रिव्ह्यूमध्ये एवढंच विचारलं असतं, तर लेखकाने तो क्लॉकवरून काढला असता.

बोर्डवाला:
हे पटलं. आकडा क्लॉकवरून काढणं मी माझ्या पुढच्या आवृत्तीतच घालतो. पण मग रेल स्थिर व्हायचा वेळ ड्रायव्हरमध्ये मागू नका. तो रेग्युलेटरचा गुण आहे, डिव्हाइस ट्रीमध्ये एनेबल-रॅम्प-डिले म्हणून जातो. रिव्ह्यूत ‘इथे एमस्लीप (मिलिसेकंदांचा थांबा) घाला’ सांगणारेही कमी नाहीत, आणि तो विलंब पुढे प्रत्येक बोर्ड उगाच भोगतो.

पॅचवाचक:
रॅम्पचं मान्य, ते ड्रायव्हरचं काम नाही. बल्कबद्दल मात्र माझं मत तेच आहे: ज्या चिपला क्रम लागतो, तिथे नको. आणि पॉवर-ऑफकडेही बघा. तुमच्या पॅचमध्ये रेल्स आधी जातात आणि रीसेट नंतर खाली येतो. वीज गेलेल्या चिपच्या पिनवर आपण तेवढा वेळ व्होल्टेज धरून ठेवतो. तेवढं उलटं करा.

बोर्डवाला:
ते माझ्या नजरेतून सुटलं होतं. उलटं करतो. क्रमाचं वाक्य डेटाशीट पुन्हा बघून मगच लिहीन. क्रम लागत असेल तर बल्क काढतो.