1951 ची विलिज पिकअप: इंजिन जाम, केबिन गंजलेली. आधी कशाला हात घालू?

शेडातली_विलिज:
आजोबांची पिकअप बावीस वर्षं शेडात उभी होती. गेल्या महिन्यात बाहेर ओढली. चार सिलिंडरचं हरिकेन इंजिन, 134 घनइंचांचं, म्हणजे साधारण 2,200 सीसी. लहानपणी आजोबा मला मांडीवर घेऊन हिचं स्टिअरिंग धरायला द्यायचे. ती भंगारात द्यायची नाही, एवढं नक्की आहे. पण काम कुठून धरावं तेच सुचत नाहीये.

इंजिन जाम आहे. प्लगच्या भोकातून उजेड टाकला तर तिसऱ्या सिलिंडरच्या भिंतीवर तांबडं कडं दिसतं. एअर क्लीनर जागेवर नव्हता, ओल तिथूनच गेली असणार. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, काढायला घेतलं. सगळे बोल्ट सुटले, रॉकर शाफ्ट काढला, लाकडी ठोकळा लावून चारी बाजूंनी ठोकलं, तरी हेड केसभर हलत नाही. पहारीनं उचकटायचा धीर होत नाही.

केबिनमधलं मॅट उचललं तर खाली डांबर फासलेला पत्रा निघाला, कुणीतरी रिव्हेट मारून बसवलेला. त्याखालचा मूळ पत्रा स्क्रू ड्रायव्हर टोचला की आरपार. ड्रायव्हरच्या बाजूचा मागचा कोपरा तर बोटांनी सोलला जातो. चेसिस वरून बरी वाटते.

हेड का निघत नाही? आणि आधी गंज काढू की आधी इंजिन उघडू?

लेथवरचा_माणूस:
पहार लांब ठेवा. तुमचा एक बोल्ट राहिलाय. या इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात. हवा आत जाण्याचा मार्ग हेडमध्येच ओतलेला आहे आणि कार्ब्युरेटर थेट त्याच्या तोंडावर बसतो. कार्ब्युरेटर काढून त्या तोंडात वाकून बघा, काळ्या काजळीत एक बोल्ट दडलेला सापडेल. तो न काढता हेड उचकटणाऱ्यांनी चांगली हेडं फोडलेली मी पाहिली आहेत, म्हणून तुम्ही थांबलात ते फार बरं केलंत.

हेड निघालं की ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि अ‍ॅसिटोन समप्रमाणात मिसळून सिलिंडरमध्ये ओता आणि आठवडाभर मुरू द्या. मिश्रण पेट घेतं, जवळ ठिणगी नको. मग क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) पुढच्या नटावर पाना लावून थोडं पुढे, थोडं मागे असं करत राहा. स्टार्टर मारू नका आणि गिअरमध्ये टाकून गाडी ओढू तर अजिबात नका, कनेक्टिंग रॉड वाकतो.

पिस्टन वर काढण्याआधी बोअरच्या, म्हणजे सिलिंडरच्या पोकळीच्या, वरच्या काठाला बोट लावा. पिस्टनवरच्या रिंगा जिथवर पोचत नाहीत तिथे कंगोरा राहतो. तो रीमरनं (कडा तासायच्या हत्यारानं) काढला नाही तर रिंगांच्या खाचांमधली पिस्टनची कड तुटते. रॉड आणि त्याची कॅप यांवर नंबर टाका. कॅपची अदलाबदल झाली की बेअरिंग गेलंच म्हणून समजा.

पत्रा_आणि_टॉर्च:
माझ्या मते दोन्हींच्या आधी चेसिस. वरून बरी दिसते यावर जाऊ नका. खाली झोपून छोट्या हातोडीनं फूटभर अंतरावर ठोकत जा. चांगलं लोखंड खणखणतं, कुजलेलं बद्द वाजतं. स्प्रिंगचे हँगर आणि केबिनच्या माउंटिंगजवळ जास्त वेळ द्या, चिखल तिथेच साठतो. मग चेसिसचे दोन्ही कर्ण मोजा, ते सारखे भरायला हवेत. चेसिस वाकडी असेल तर बाकीचा खर्च आत्ताच थांबवायला हवा.

केबिनचं सांगतो, कारण हीच चूक मी माझ्या पहिल्या गाडीत केली होती. तळ कापण्याआधी दरवाज्याच्या चौकटीत आडवा आणि तिरपा पाइप टाकून वेल्ड करा. मी तो टाकला नव्हता. नवा तळ सुंदर बसला, पण चौकट मिटली आणि दार शेवटपर्यंत नीट लागलं नाही. सगळं पुन्हा कापावं लागलं.

चांगला, चमकदार पत्रा लागेपर्यंत कापत जा. नवा पत्रा 1.2 मिमीचा घ्या. सलग शिवण मारू नका; एक टाका इथे, दुसरा लांब तिथे, मध्ये थंड होऊ द्या. नाहीतर पत्रा पापडासारखा फुगतो. गंजावर पुट्टी कधीच नको, ती ओल धरून ठेवते आणि खालून खाणं चालूच राहतं. त्या काळच्या रंगात शिसं असतं, म्हणून कोरडं घासू नका आणि चांगला मास्क लावा.

बिजागऱ्या, ब्रॅकेट असे सुटे भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून बॅटरी चार्जरनं साफ करता येतात. भागाला ऋण टोक, जुन्या लोखंडी पट्टीला धन. पट्टी स्टेनलेसची नको, विषारी क्रोमियम सुटतं. हायड्रोजन निघतो, तेव्हा हे उघड्यावरच करा.

शेडातली_विलिज:
बोल्ट सापडला! अगदी तुम्ही म्हणालात तिथेच. हेड हातानं उचललं गेलं. नवव्या दिवशी क्रँक हलला, तेव्हा मी नुसता बसून राहिलो.

चेसिस सगळीकडे खणखणते आणि कर्णही जुळले. आता नवी अडचण. पिस्टनच्या डोक्यावर 040 कोरलंय, म्हणजे बोअर आधीच चाळीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वाढवलेला. तिसऱ्यात नखाला लागतील असे खड्डे आहेत. बाकी तिन्हींत वरच्या आणि खालच्या व्यासात फरक दोन थाऊ भरतो.

लेथवरचा_माणूस:
मग चारही वाढवू नका. तिसऱ्याला स्लीव्ह (आतून नवी नळी) घालून तो चाळीसलाच आणा, बाकीच्यांना नुसतं होनिंग (दगडानं हलकं घासणं) करून नव्या रिंगा टाका. त्याआधी एक्झॉस्ट सीट आणि बोअर यांच्या मधल्या जागेत तडा आहे का ते तपासून घ्या, तिथे लोखंड पातळ असतं. तडा निघाला तर स्लीव्हचे पैसे त्या ब्लॉकवर घालण्याआधी मला कळवा. क्रँकचे तिन्ही मेन जर्नल आणि चारही रॉड जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) मायक्रोमीटरनं दोन दिशांनी मोजून आकडे इथे टाका. टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्हपाशी ठेवायच्या फटीचं, शेवटी बघू: थंड इंजिनावर इनलेट 18 थाऊ, एक्झॉस्ट 16.

शेडातली_विलिज:
रविवारी मोजतो. दाराच्या चौकटीत पाइप आजच टाकला.