रोज चार-पाच किलोमीटर चालूनही हाडे ठिसूळ कशी झाली?

प्रश्न : पहाटपावले

नमस्कार. माझे वय 52 असून पाळी थांबून अडीच वर्षे झाली आहेत. दोन महिन्यांपूर्वी न्हाणीघराबाहेरच्या ओल्या फरशीवर पाय घसरला, हात टेकला आणि मनगट मोडले. प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांनी डेक्सा ही हाडांची घनता मोजणारी तपासणी करायला लावली, तेव्हा कण्याचा टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडांच्या तुलनेतला घनतेचा आकडा) उणे 2.6 आला. मी गेली दहा वर्षे पहाटे साडेपाचला नाशिकमधल्या कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर नेमाने चालते. साखर आणि रक्तदाब दोन्ही ठीक आहेत. थायरॉईडची गोळी चालू आहे आणि विसरू नये म्हणून तिच्याबरोबरच कॅल्शियमचीही गोळी घेते. डॉक्टरांनी आता आठवड्यातून एकदा घ्यायची हाडांची गोळी लिहून दिली आहे, पण भीतीपोटी ती सुरू केलेली नाही. घरचे म्हणतात, वय झाले की हाडे झिजायचीच. मग इतकी वर्षे चालले ते वाया गेले का?

उत्तर : सातपूरची फिजिओ

ताई, वाया काहीच गेले नाही. हृदय, साखर आणि वजन यांच्यासाठी ते चालणे उपयोगी पडले आहे. परंतु पाळी थांबताना इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक कमी होते आणि त्यानंतरच्या पाच-सात वर्षांत हाडांची झीज एरवीपेक्षा बरीच वेगाने होते. सपाट रस्त्यावरच्या चालण्याची हाडांना सवय होऊन गेलेली असते, त्यामुळे ही झीज थोपवण्यास ते एकटे पुरत नाही. शिवाय मनगटावर तर त्याचा भार येतच नाही. उभ्या उंचीवरून पडून हाड मोडणे हा ठिसूळपणाचा इशारा असतो, आणि उणे 2.5 किंवा त्याखालचा टी-स्कोअर म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडे ठिसूळ होण्याचा आजार. याला ‘वयाचा भाग’ म्हणून सोडून देणे मला पटत नाही, कारण पुढचा इशारा खुब्याच्या हाडाचा असू शकतो.

आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना जोर लागेल असा व्यायाम हवा : हात न टेकता खुर्चीवरून उठणे-बसणे, भिंतीला तळवे लावून ढकलणे, ओट्याला धरून टाचा उचलणे. मनगट पूर्ण भरल्याचे डॉक्टरांनी सांगितल्यावर पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलता येतील. तोल सांभाळण्याचा सराव वेगळा करावा. आधाराजवळ एका पायावर उभे राहणे हे त्याचे सोपे रूप आहे. मात्र कोणी सांगितले म्हणून सूर्यनमस्कार सुरू करू नका, कारण कणा ठिसूळ असताना कमरेतून खोल वाकण्याने मणका चेपण्याचा धोका असतो.

उत्तर : सिडकोतली मावशी

मी 64 वर्षांची आहे आणि याच वाटेने गेले आहे, म्हणून एक विचारते : पहाटे साडेपाचला स्वेटर आणि स्कार्फ गुंडाळून चालताना ऊन कुठून मिळणार? ड जीवनसत्त्व तयार व्हायला उन्हातले जे किरण लागतात ते सूर्य वर आल्यावर मिळतात. त्याची रक्ततपासणी करून घ्या.

उत्तर : औषधांच्या दुकानातून

आपण दोन गोळ्या एकत्र घेता, ते आजच थांबवावे. कॅल्शियममुळे थायरॉईडची गोळी नीट शोषली जात नाही, म्हणून दोहोंत चार तासांचे अंतर ठेवावे. कॅल्शियम कार्बोनेट असेल तर ते जेवणासोबत घ्यावे. अंतर सुरू झाल्यावर टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) पुन्हा करून घ्यावी, कारण तीच मात्रा आता जास्त ठरू शकते आणि थायरॉईडचे औषध जास्त झाले तरी हाडे झिजतात.

आठवड्याची ती गोळी बहुधा ॲलेंड्रोनेटच्या गटातील असेल. ती सकाळी उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर, बसून किंवा उभ्याने घ्यायची आणि नंतर किमान अर्धा तास आडवे व्हायचे नाही, काही खायचे नाही, चहासुद्धा नाही. हा नियम मोडल्यामुळेच अनेकींना छातीत जळजळ होते आणि मग त्या औषधाला दोष देतात. त्या दिवशी थायरॉईडची गोळी केव्हा घ्यायची, हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. दातांचे मोठे काम करायचे असेल तर तेही सांगा.

पहाटपावले

आभारी आहे. दोन गोळ्यांचे हे वैर मला कोणीच सांगितले नव्हते. आहारातून कॅल्शियम किती मिळते, याचा अंदाज कसा बांधावा?

उत्तर : सिडकोतली मावशी

पाळी थांबलेल्या स्त्रीला दिवसाला 1200 मिलिग्रॅम लागते असे आपल्याकडचे आहारतज्ज्ञ सांगतात. माझा हिशेब असा : पेलाभर दूध म्हणजे सुमारे 240, वाटीभर दही 180, पन्नास ग्रॅम नागलीच्या (नाचणीच्या) पिठाची भाकरी साधारण 180 आणि दोन चमचे तीळ शंभराच्या पुढे. चहातले दूध धरून आठशेच्या आसपास पोहोचते, म्हणून उरलेल्यापुरतीच गोळी डॉक्टरांना विचारून घेते. पेठ-सुरगाण्याकडची नागली आपल्या नाशिकच्या बाजारात सहज मिळते. उपवासाला साबुदाण्याऐवजी राजगिरा घेतला तर आणखी थोडी भर पडते. आणि न्हाणीघराबाहेर रबरी पायपुसणे आजच टाका.